काड्या

माझा काटा पाच किलोच्या खालचं बोलत नाही.
कळमन्याच्या फाटकाशी केबिनमध्ये बसतो मी.
ट्रक चढतो, लाल आकडे थरथरतात, थांबतात,
मी पावती फाडतो.
क्लीनर खाली उतरला तर कळतं.
त्यानं रुमाल काढून ठेवला तर नाही.
बावीस वर्षं हेच पाहतो आहे,
म्हणून जे काट्यावर दिसत नाही
ते नसतंच, असा माझा हिशेब.

मेडिकलच्या आवारात, दातांच्या दवाखान्यात
गजभिये मॅडम म्हणाल्या, काका, आ करा.
केला.
आता आपलीच बोटं घाला. एकावर एक.
दोन गेली. तिसरं दातांना अडलं.
खर्रा दिवसाला किती?
सहा, म्हणालो.
घरी चार सांगतो. खरे नऊ.

शपथा मी कमी घेतल्या नाहीत.
पोरीच्या डोक्यावर हात ठेवून एक,
मेव्हण्याच्या बाराव्याला एक, सगळ्यांसमोर.
आणि दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
पिवळ्या मारबतीमागे घसा फोडून:
खर्रा घेऊन जा गे मारबत!
ती गेली. जळलीही.
येताना गोल्डीच्या ठेल्यावर
मीच एक घोटायला सांगितला.
ओरडून ओरडून घसा कोरडा पडला होता ना.

मॅडमनी शपथ मागितलीच नाही.
ड्रॉवर उघडून आइस्क्रीमच्या काड्या काढल्या,
रबर लावलेल्या, कोऱ्या.
सकाळी घरी चहा कोण ठेवतं?
मी. (हे खरं होतं.)
मग भांडं गॅसवर, काड्या दातांत.
उकळी आली की काढायच्या.
आज मावतील तेवढ्याच. आठवड्यानं एक जास्त.
बस?
बस.
आणि पुडी?
पुडी गाडीच्या डिक्कीत ठेवा, काका.
शर्टाच्या खिशात नको.
मला हसू आलं,
म्हणजे जेवढं तोंडात मावत होतं तेवढं.

अकरा काड्यांनी सुरुवात.
पुष्पलता दारात उभी राहून म्हणे,
काहून जी, तोंडात चौकट बसवता का?
उत्तर देता येत नव्हतं.
चहा उकळेपर्यंत घरात भांडण नाही,
हा गुण मॅडमनी सांगितला नव्हता.

केबिनपासून गाडी सत्तर पावलं.
मे महिन्यात, दुपारी दोन वाजता,
सत्तर पावलं म्हणजे काय
ते नागपूरकराला विचारा.
हात खिशाकडे जायचा, खिसा रिकामा,
बाहेर पांढरं ऊन.
जाऊ दे, पुढचा ट्रक गेल्यावर.
आणि पुढचा ट्रक गेल्यावर
त्याच्या पुढचा आलेला असायचा.
माझा निर्धार काही नव्हता त्यात.
आळस होता. तोच कामी आला.

कामठीला भाच्याच्या लग्नात तीन खाल्ले.
रात्री गादीवर पडून स्वतःला
शिव्या द्यायची तयारी केली, झोप लागली.
सकाळी भांडं ठेवलं
आणि हात आपला आपण काड्यांकडे गेला,
जसा इतकी वर्षं दुसरीकडे जायचा.
मी नुसता पाहत राहिलो त्या हाताकडे.
चहा उतू गेला.

चौदा जातात आता. पंधरावी जात नाही.
कदाचित जाणारही नाही,
मॅडम खोटं बोलत नाहीत.
डिक्कीत पुडी आहे अजून.
दिवसाला एक. कधी दोन.
घरी दोनच सांगतो.

काल काटोलचा ट्रक काट्यावर होता.
फळीच्या फटीतून एक संत्रं निसटलं,
घरंगळत केबिनच्या पायरीशी आलं.
मी आकड्याकडे पाहिलं.
हलला नाही.
संत्रं सोललं, एक फोड घेतली,
आडवी धरली,
आणि न चिमटता, न चेपता
तशीच आत ठेवली.

मागचा ट्रक हॉर्न देत होता.
बी गालात घोळवत
मी सावकाश पावती फाडली.